नसबंदीसोबत गोचिडीचं औषधही द्या

मा. संपादक, स.न.

पावसाळा सुरू झाला की आमच्या कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच तेच मेसेज, खात नाहीये, ताप आहे, पोटावर लाल ठिपके आलेत, नाकातून रक्त आलं, प्लेटलेट्स पार खाली. टिक फिवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप. मग २८ दिवस डॉक्सी नावाचं अँटिबायोटिक, सलाईन, नाहीतर रक्त द्यायला दुसरं कुत्रं शोधा. आणि हे सगळं एका गोचिडीपायी, जिचं औषध बाजारात मिळतं.

तर मुद्दा असा. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पकडलेल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी करा, जंताचं औषध द्या, लस टोचा आणि रेबीज झालेली किंवा चावरी सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच सोडा. चांगलंय. पण कुत्रं आयतं हातात आहे, भूल दिलेली आहे, तेव्हाच मानेवर गोचिडीच्या औषधाचे चार थेंब टाकायला काय हरकत आहे? पोटातल्या जंताची काळजी आहे आणि कानात, बोटांच्या बेचक्यात एरंडीच्या बियांसारख्या टम्म फुगून बसलेल्या गोचिडी कुणालाच दिसत नाहीत. उलट मला तर वाटतं की वेगवेगळ्या वॉर्डातली कुत्री शेजारशेजारच्या पिंजऱ्यात काही दिवस राहतात तिथे गोचिडींची मस्त अदलाबदल होत असणार.

काही जण म्हणतील घरच्या कुत्र्याचं बघा, भटक्यांचं कशाला. अहो पण आपल्याकडची ही तपकिरी गोचीड लहानपणापासून म्हातारपणापर्यंत कुत्र्याचंच रक्त पिते, दर वेळी पोट भरलं की खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, पार्किंगच्या कोपऱ्यात, सोफ्यामागे जाऊन बसते. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणजे पार्किंगमधला काळू आणि तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्राडोर यांचं खातं एकच आहे, तुम्ही एकाला कितीही महागडी गोळी द्या.

थेंबांचा असर महिनाभरच टिकतो हे खरं. पण फ्लुरालॅनर या औषधाची चघळायची गोळी गोचिडीवर साधारण १२ आठवडे चालते, पावसाळ्याच्या सुरवातीला दिली तरी निम्मं काम झालं. खर्च येणार, पण जगात हे कुणी केलंच नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये आरोग्य खातंच काही भागात कुत्र्यांना डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचे गळपट्टे घालतं, कारण तिथे वाळूमाशी कुत्र्याला चावून मग माणसाला लिशमॅनियाचा रोग देते. इराणमधल्या गावांत असे पट्टे घातल्यावर लहान मुलांमधला संसर्गसुद्धा कमी झाला, हे २००२ मध्येच छापून आलंय. आपल्याकडे कुत्र्यांमुळे तो रोग पसरत नाही (बिहारचा काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो), पण पट्ट्याची आयडिया घेण्यासारखी आहे, कारण गोळीने गोचीड मरते ती चावल्यावर, आणि टिक फिवरचा एर्लिकिया नावाचा जंतू चावल्यापासून काही तासातच आत शिरू शकतो. पट्ट्याने बऱ्याच गोचिडी चावायच्या आधीच पळतात.

आता घरच्यांसाठी थोडं, कारण सगळा दोष मनपाला देऊन चालणार नाही. गाईम्हशींच्या गोचिडीचं औषध कृषी केंद्रातून आणून बादलीत अंदाजपंचे ओतायचं आणि कुत्र्याला अंघोळ घालायची हा प्रकार गावोगाव चालतो. त्यात अमिट्राझ नावाचं कीटकनाशक असेल तर कुत्रं गुंगून पडतं, ठोके मंदावतात, आणि चाटलं तर अजूनच वाईट. फिनाइल, रॉकेल यांचं तर विचारूच नका. आणि पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजरीला चुकूनसुद्धा लावू नका, मांजरीच्या लिव्हरला ते झेपत नाही, झटके येऊन मरूही शकते. थोडंसं लावलं तर काय होतंय असं म्हणणारे बरेच भेटतात म्हणून मुद्दाम लिहिलं. कुत्र्याला फिट्स येत असतील तर ती फ्लुरालॅनरची गोळीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

मनपाकडे मागणी एवढीच की नसबंदीच्या पुढच्या टेंडरमध्ये लसीच्या खाली गोचिडीच्या औषधाची एक ओळ वाढवा, आणि कुत्र्यांची एक बॅच सोडली की दुसरी आणायच्या आधी पिंजरे आणि भिंतीच्या भेगा फवारून घ्या. कुत्री आत असताना नको.

– एक कुत्रेवाला वाचक, नाशिक