गाड्या विकायच्या नाहीत, बाबा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी मुद्द्याचं सांगते. आईच्या ऑपरेशनसाठी तुमच्या खेळण्यातल्या जुन्या गाड्या विकत घ्यायला निघालेल्या मुंबईच्या त्या गृहस्थांना मी काल फोन करून गाड्या द्यायच्या नाहीत असं कळवलं आणि त्यांचा विसार परत पाठवला. ते नीट बोलले. "वडिलांचा विचार बदलला तर आधी मला सांगा," एवढंच म्हणाले, तेव्हा तुमच्या शब्दाला कुठे कमीपणा आलेला नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे आगाऊ पैसेही भरून झाले. गणपती गेल्यावरची तारीख मिळाली आहे. आईवर रागावू नका. ती आपणहून काही बोलली नाही, तिचा आवाज ऐकून मीच खोदखोदून विचारलं.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "खेळण्यांचं काय एवढं" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून विचारलं नाही. पैशांची काळजी करू नका. माझ्या ऑफिसच्या विम्यात तुम्ही दोघंही आहात, बराचसा खर्च त्यातून निघेल. वरच्या खर्चाला माझी एक ठेव याच महिन्यात मोकळी झाली. घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही, मुलांच्या पैशांनाही नाही. मंदारला आधी सांगूनच केलं, आणि तोच म्हणाला की बाबांच्या गाड्या जाता कामा नयेत.

बाबा, ९६ साली माझ्या हॉस्टेलच्या फीसाठी अण्णाकाकांनी बोटीवरून आणलेल्या सगळ्या डिंकी, त्या इंग्लंडच्या खेळण्यातल्या गाड्या, गेल्या, खोक्यांसकट. माझ्यासाठी तुम्ही ते केलंत, त्यावर मी शिकले, आणि त्याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. पण दर शुक्रवारी चोरबाजारात तुम्ही काय शोधत फिरायचात ते मला कळत होतं. डिंकीचा लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा तो कारखाना १९७९ मध्येच बंद पडला. जेवढ्या गाड्या बनल्या तेवढ्याच आता हातोहात फिरतात, आणि मूळ रंगाची, मूळ टायरची, खोक्यातली गाडी ज्याच्या कपाटात गेली तो ती सोडत नाही. आणि ती कॉर्गी कंपनीची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन, १९६५ ची, सोनेरी! मी बरोबर होते त्या दिवशी. तुम्ही बटण दाबून टप उघडून पाहिलात, सीट उडवून पाहिलीत, आतला तो इवलासा माणूससुद्धा जागेवर होता. मग माझ्याकडे बघितलंत आणि गाडी परत ठेवलीत. जून महिना होता, युनिफॉर्म घ्यायचे होते. पुढच्या शुक्रवारी ती तिथे नव्हती. आजही कुणी त्या गाडीचं नाव काढलं की तुम्ही "आपण सोडली ती" असं म्हणता, मला शेजारी धरून.

लहानपणी ताप आला की तुम्ही मला मॅचबॉक्सची गोष्ट सांगायचात, आठवतं? जॅक ओडेल नावाच्या इंग्लिश इंजिनियरच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं, म्हणून त्याने तिला पितळेचा चिमुकला रोडरोलर करून दिला, आणि त्यातून पुढे मॅचबॉक्सच्या गाड्या आल्या. गोष्ट संपली की मी विचारायची, "तुम्ही मला काय करून द्याल?" आणि तुम्ही कपाळावरची पट्टी बदलत म्हणायचात, "तू मागशील ते." बाबा, आता मागते. उरलेल्या गाड्या राहू द्या.

उरलंय तरी काय? डिंकीच्या साच्यांतून कलकत्त्यात बनलेल्या निकी, आणि ती युद्धाआधीची तडकलेली लॉरी, जी तेव्हा कुणी घेतलीच नाही. निकीला त्या काळी लोक नावं ठेवायचे, रंग जाड बसलेला म्हणून. तुम्ही मात्र स्टँडर्ड २० ची ती मिनीबस उलटी करून भिंगातून तळ दाखवायचात: साचा इंग्लंडचा, डिंकीचं नाव जाऊन तिथे निकी आलेलं. पुढच्या उजव्या चाकाच्या वर रंगाचा टवका गेलाय ना, तिथे नखाने चाचपायची सवय मला अजून आहे. आता डिंकी जमवणारे परदेशातले लोकही निकी शोधतात. मुंबईचे गृहस्थ एवढी घाई करत होते ती उगाच नव्हे.

आणि २२ जुलै २०२१? वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलं तेव्हा घराच्या कागदांच्याही आधी तुम्ही गाड्यांची ट्रंक माळ्यावर चढवलीत. आई अजून त्यावरून बोलते. त्या पुरातून वाचवलेल्या गाड्या गुडघ्यासाठी द्यायच्या, हे मला पटत नाही. आईलाही पटत नाही. तिची पितळेची भातुकली मोडीत गेली आणि कुकर आला, ते ती विसरलेली नाही. पुण्यात विलास करंदीकरांचं भातुकलीचं प्रदर्शन बघताना ती एका बंबापाशी किती वेळ उभी होती, तुम्ही पाहिलंत. "आमचा अस्साच होता, नळाची चावी फिरायची," एवढंच म्हणाली. आई, तसा बंब मी शोधतेय. मिळाला की तुझ्या ओट्यावर.

आता दोघांनी नीट ऐका. पुढच्या रविवारी मंदार गाडी घेऊन येईल, एसटीने यायचं नाही. आमच्याकडे लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले, पलंगाखाली ठोकळे लावून उंची वाढवली. व्यायाम शिकवायला बाई घरी येतील. आईला लागतो तसा मऊ भात आणि कोकमाचं सार मी सकाळीच करून ठेवीन. बाबा, तुमच्यासाठी बाल्कनीत खुर्ची आहे, पेपर सातला येतो. प्रेशरची गोळी जेवणानंतर नव्हे, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची. आई, तोवर जिना चढायचा नाही, माळ्यावर तर मुळीच जायचं नाही.

गाड्या बरोबर आणा. एकेक मऊ सुती कापडात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको, शाई उतरते. पितांबरी लावायची नाही, आई! टवक्यावर रंगही लावू नका, तेवढ्याने किंमत निम्म्यावर येते, हे बाबांनीच मला शिकवलंय. खोकी न दुमडता वेगळ्या पिशवीत. लॉरीला हाताळू नका. तिच्या जस्तात शिसं मिसळलेलं आहे, ती आतून फुगत चालली आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर वाढतं. तिच्यासाठी मी हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्यात. माझ्या कपाटाचा मधला खण रिकामा केलाय, त्याला काच आहे, ऊन येत नाही. किल्ली तुमच्याकडेच राहील, बाबा. कुणाला दाखवायच्या, कुणाला नाही, ते तुम्ही ठरवा. एक मात्र करा, प्रत्येक गाडी कुठून आली, किती रुपयांना, कुणाबरोबर गेला होतात, ते एका वहीत लिहायला घ्या. मला सगळं ठाऊक नाही आणि मुलांना तर काहीच नाही.

मनात राग असेल तर फोनवर बोला, गप्प राहू नका. आईकडे निरोप देऊ नका, मला सांगा.

तुमची,
बेबी