ग्रिनेल कुठे आलं, बाबा?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना निम्मं ऐकू आलं नाही, आणि उरलेलं आईने "चिऊ बारीक दिसतेय" यात घालवलं. म्हणून हे पत्र, चिऊने अमेरिकेतलं ग्रिनेल कॉलेज का घेतलं ते सांगायला. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, तेव्हा अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी आईचं. 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हटल्यावर तुझा चेहरा पडला, "आर्ट्सला घातलीस पोरीला?" अगं, हे आपलं आर्ट्स-सायन्स-कॉमर्समधलं आर्ट्स नव्हे. भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर, इतिहास, नाटक, सगळं एकाच छपराखाली. चिऊला गणितही हवंय आणि नाटकही, आणि ग्रिनेलला पहिल्या वर्षाचा ट्यूटोरियल हा एकच विषय सक्तीचा. दहा-बारा मुलं नि एक शिक्षक. मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरेपर्यंत तेच शिक्षक तिचे मार्गदर्शक. शेवटी एका विषयात मेजर करावं लागतंच, पण त्याची घाई नाही.

आता बाबांचा प्रश्न: "हे नाव कुणी ऐकलंय का?" शेजारच्या काकांना काय सांगायचं ही तुमची अडचण मला कळते. सांगा की आयोवा राज्यात मक्याच्या शेतांमधलं साडेनऊ हजार वस्तीचं गाव आहे, कॉलेज १८४६ सालचं, मुलं सतराशेच्या आसपास. तेवढ्याने पटलं नाही तर पुढची गोष्ट सांगा. ही खास तुमच्यासाठी ठेवली होती.

१९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत ट्रान्झिस्टर तयार झाला (आपला रेडिओ नव्हे, त्याच्या पोटातला वीजप्रवाह सांभाळणारा इवलासा भाग). ग्रिनेलला ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. शोध लावणाऱ्यांपैकी जॉन बार्डीन त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतले ओळखीचे, आणि बेल लॅबचे अध्यक्ष ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी. गेलसरांनी तिकडून ट्रान्झिस्टरची माहिती मागवून घेतली आणि वर्गात शिकवायला घेतली. बऱ्याच मोठमोठ्या विद्यापीठांत हे अजून शिकवतही नव्हते! त्या वर्गात रॉबर्ट नॉइस होता, १९४९ ला पदवी घेतलेला. पुढे इंटेल ही कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी कंपनी काढणाऱ्या दोघांतला एक. (त्याने कॉलेजात असताना पार्टीसाठी शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं होतं, त्यापायी एक सत्र कॉलेजातून काढलं होतं. हे काकांना सांगू नका.)

पण चिऊने काही नॉइससाठी हे कॉलेज घेतलं नाही, ते नाव तिला मीच नंतर सांगितलं. एप्रिलमध्ये आम्ही बघायला गेलो, घरापासून साडेचार तास, सांगलीहून पुण्याला एसटीने लागतात जवळपास तेवढेच. ती इतिहासाच्या एका तासाला बसली, मी मागे खुर्चीवर. कॉलेजच्या आवारातून रेल्वेचे रूळ जातात. मालगाडी आली, खिडक्या थरथरल्या, बाई बोलायच्या थांबल्या, सगळे निवांत थांबले. गाडी गेल्यावर बाईंनी पाहुण्या पोरीलाच विचारलं, "तुला काय वाटतं?" आणि आमची चिऊ, जी पाहुणे आले की खोलीत जाऊन बसते, ती बोलायला लागली. थांबेचना. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, इथे मी लपू शकणार नाही." तक्रार करतेय की खूश आहे, मला आधी कळेचना.

इलिनॉय राज्याचं अर्बानाचं विद्यापीठही मिळालं होतं. उत्तम आहे, नाव आहे, तुमच्या काकांनीही ऐकलेलं. पन्नास हजारांवर मुलं. तिच्या मैत्रिणीला तिथलीच धमाल हवी होती, ती तिथे फुलेल. चिऊ शेवटच्या बाकावर चार वर्षं काढेल, मी तिला ओळखते. मीही तशीच काढली ना. मेरिट लिस्टमध्ये जिथे नंबर लागला तिथे गेले, चार वर्षांत एकाही सरांना माझं नाव माहीत नव्हतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण पेढे वाटून झाले होते.

आणि बाबा, विलिंग्डन कॉलेजच्या गोष्टी आम्हाला कुणी सांगितल्या? विश्रामबागेत सायकल लावून प्रयोगशाळेत अंधार पडेपर्यंत बसायचात, सर स्वतः चहा मागवायचे. मी तेच शोधत होते, फक्त आयोवात सापडलं.

पैशांचं खरं सांगते: छापील फी ऐकून मलाही घाम फुटला. स्कॉलरशिप धरून अर्बानापेक्षा थोडं जास्तच पडतंय. गाडी अजून तीन वर्षं चालवू, त्यात काय. थंडीची मात्र धास्ती आहे. आईने विणलेले दोन मफलर चालतील, तिसरा नको.

डिसेंबरात सुट्टी लागली की चिऊ सांगलीला येतेय. माळ्यावरचा तुमचा जुना ट्रान्झिस्टर भंगारवाल्याला देऊ नका. तिला तो तुमच्याकडून उघडून बघायचाय.

तुमची,
बेबी