ग्योंगजूला एक रात्र तरी राहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत दक्षिण कोरियाच्या सहलीचा आराखडा वाचला. सोलला चार दिवस, बुसानला दोन, आणि त्यातल्याच एका दुपारी ‘जाता जाता’ ग्योंगजू. माझी मुलगी शेजारच्या उल्सानला नोकरी करते, त्यामुळे ग्योंगजूला माझे वरचेवर जाणे होते. शिवाय आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेले. म्हणूनच ती ‘एक दुपार’ मनाला लागली. परंपरेनुसार इ. स. पूर्व ५७ ते इ. स. ९३५ एवढा काळ चाललेल्या सिल्ला राज्याची ही राजधानी. तिला तीन तासांत उरकायचे असेल तर न गेलेले बरे.

या शहरात एक रात्र काढावी, एवढेच माझे सांगणे आहे. कारण इथल्या दोन सर्वांत सुंदर जागा दिवसाच्या दोन टोकांना आहेत. एक अंधार पडल्यावर पाहायची, दुसरी सकाळी लवकर. दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही येत नाहीत.

अंधारातली जागा म्हणजे वोल्जी तलाव. राजा मुन्मूने ६७४ मध्ये राजवाड्यालगत तो बांधून घेतला. काठ असे वळवले आहेत की कुठेही उभे राहिलात तरी सबंध तलाव एका नजरेत येत नाही. दिवे लागले की मंडपांची प्रतिबिंबे पाण्यात उतरतात. रात्री दहापर्यंत तो उघडा असतो. १९७०च्या दशकात गाळ उपसला तेव्हा त्यात हजारो वस्तू सापडल्या. त्यातला माझा आवडता म्हणजे चौदा बाजूंचा लाकडी फासा. प्रत्येक बाजूवर मेजवानीत पाळायचा एकेक हुकूम कोरलेला: तीन पेले एका दमात प्या, वाद्यांशिवाय नाचा. मूळ फासा सुकवताना जळाला, आता त्याच्या प्रतिकृतीच पाहायला मिळतात. राजांच्या सनावळ्यांपेक्षा हा फासा दाखवला असता तर माझ्या वर्गातली मुले कोरियाचा इतिहास जन्मात विसरली नसती.

सकाळची जागा तोहाम डोंगरावरची सोक्कुराम गुहा. अजिंठ्याला डोंगर आत कोरत नेला. इथे ग्रॅनाइटचे घडवलेले दगड एकमेकांत बसवून घुमट रचला आणि वर माती घालून त्याची गुहा केली. आत सुमारे साडेतीन मीटर उंचीचा बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत बसला आहे, तोंड पूर्वेच्या समुद्राकडे. तो काचेपलीकडून पाहावा लागतो आणि फोटो काढू देत नाहीत. सहलीची गर्दी मागून ढकलू लागली की दर्शन क्षणभराचे होते. सकाळी गेलात तर बुद्धाच्या ओठांकडे आणि डाव्या खांद्यावरून उतरणाऱ्या वस्त्राच्या चुण्यांकडे शांतपणे पाहता येते.

खाली पुल्गुक्सा मंदिर आहे. त्याची उभारणी ७५१ मध्ये सुरू झाली. एकाच अंगणात दोन स्तूप, एक अगदी साधा आणि दुसरा, दाबोताप, नक्षीदार. कोरियाच्या १० वोनच्या नाण्यावर असतो तो हाच. त्यावर चार दगडी सिंह होते, आता एकच उरला आहे. तो शोधून पाहा. मंदिराच्या जोत्याकडे मात्र बहुतेक जण पाहतच नाहीत. खाली ओबडधोबड धोंडे तसेच ठेवले आहेत आणि वरचा घडीव दगड त्यांच्या उंचसखलपणाप्रमाणे तासून बसवला आहे. मी तिथे हात फिरवत बराच वेळ उभी राहते.

मंदिर आणि गुहा या दोन्हींना २०२३ पासून प्रवेशशुल्क नाही. शहरातून १० किंवा ११ क्रमांकाची बस मंदिराला जाते, तिथून १२ क्रमांकाची गुहेला. ही दुसरी बस तासाला जेमतेम एक असते, तेव्हा परतीची वेळ उतरल्याबरोबर पाहून ठेवावी.

पहिल्या दिवशी राजांच्या समाध्यांच्या टेकड्या, राणी सोंदोकच्या काळातली चोम्सोंग्दे वेधशाळा आणि राष्ट्रीय संग्रहालय पायीच होते. १९७३ मध्ये उत्खनन झालेल्या चोन्माचोंग समाधीत आत शिरता येते. भूर्जाच्या सालीवर रंगवलेला स्वर्गीय घोडा तिथेच सापडला. संग्रहालयातली ७७१ सालची सुमारे १९ टनांची घंटा चुकवू नये.

आता थोडे व्यवहाराचे. सोलहून केटीएक्स ही अतिजलद गाडी दोन तासांत पोहोचते, बुसानहून अर्ध्या तासात. शहरातले जुने स्थानक २०२१ मध्ये बंद झाले. बाहेरच्या शिन्ग्योंगजू स्थानकालाच आता ग्योंगजू म्हणतात. जुनी माहिती वाचून निघालेल्यांची इथे फसगत होते. स्थानकावरून शहरात बस आहे, टी-मनी हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड चालते. फोनवर नेव्हर मॅप हे कोरियातले नकाशाचे ॲप असू द्यावे. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, रस्सा भाज्यांचा दिसला तरी बहुधा सुक्या मासळीच्या पाण्यावर केलेला असतो. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस आणि अंडे वगळून मागावा. चेरीचा बहर साधारण एप्रिलच्या सुरुवातीला येतो. भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास छुसोकचा सण असतो. त्या दिवसांत सारा देश गावी निघतो आणि गाड्यांत जागा मिळत नाही.

आराखड्याचा पुढचा भाग छापणार असाल तर सोलच्या चार दिवसांतला म्योंगदोंगच्या खरेदीचा दिवस काढून तो ग्योंगजूला द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका