तीन किलोवॅट सगळ्यांनाच कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छतावरची सौर वीज आता गावोगावी पोचली, पण बहुतेक घरांना कोटेशन येते ते 3 किलोवॅटचेच. कारण उघड आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार मिळून 78 हजारांवर अनुदान थांबते. त्या घराला वीज किती लागते, याचा मात्र कोटेशनात पत्ता नसतो.

हिशेब करताना बिलाचे रुपये सोडा, युनिट बघा. तेही बारा महिन्यांचे. आपल्याकडे नुसते मे महिन्याचे बिल धरले की गणित फसलेच. 200 वॅटचा कूलर बारा तास चालला की दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. दोन कूलर असतील तर हिवाळ्यात सव्वाशे युनिटांत भागणारे घर उन्हाळ्यात अडीचशेच्या वर जाते.

समजा, वर्षाचे 2,400 युनिट आले. 365 ने भागले की दिवसाला साधारण 6.6. एक किलोवॅटपासून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट धरावेत (श्रावणातल्या झडीत तीनही मिळत नाहीत). म्हणजे गरज 1.65 किलोवॅटची, 550 वॅटचे तीन पॅनल. पण तीनवर थांबू नये, चौथे घ्यावे. धूळ आणि पॅनलचे वय हे एक कारण. दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही: नेट मीटरवर (आपण लाइनला दिलेली आणि लाइनवरून घेतलेली, दोन्ही वीज मोजणारे मीटर) साठलेल्या युनिटांचा हिशेब 31 मार्चला मिटतो. हिवाळ्यात वाचवलेले युनिट ऐन कूलर सुरू होताना हातात नसतात. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण वीज घेतो त्याहून बऱ्याच कमी दराने. म्हणूनच या घराने सहा पॅनल, म्हणजे तीन किलोवॅटच्या वर, बसवणेही तोट्याचे. वर्षाला दोन हजारांच्या वर युनिट स्वस्तात जातील.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हा समजही अर्धाच खरा. पॅनलवर छापलेले वॅट पॅनलचे तापमान 25 अंश असतानाचे असतात. मेमध्ये पॅनल 65–70 अंशांपर्यंत तापते आणि सध्या मिळणाऱ्या पॅनलमध्ये दर अंशामागे शेकडा 0.35 च्या आसपास घट होते; म्हणजे भर दुपारी 550 चे 470 वॅट. टिनावर पॅनल चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला वीतभर तरी फट हवी. कवेलूच्या घरावर तर बसवूच नये. अंगणात किंवा गोठ्याजवळ लोखंडी सांगाडा उभारावा. वानरांच्या उड्या लक्षात घेऊन क्लॅम्प आणि वायरिंग पक्के करून घ्यावे.

सावलीची पाहणी मेमध्ये करून उपयोग नाही. तेव्हा दुपारी सूर्य डोक्यावर आणि सावली पायाखाली असते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तीन फुटी कठड्याची सावली उत्तरेला तीन फूट पडते; सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली एकावर पडली तरी पूर्ण माळेची वीज घटू शकते. तोंड दक्षिणेला, उतार 20 अंशांच्या आसपास. धुवायचे ते सकाळी, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकले तर ती तडकू शकते.

आणि गावातला सर्वांत मोठा गैरसमज: सोलर असले की लाइन गेली तरी वीज राहते. तसे नाही. लाइन गेली की साधा सोलर इन्व्हर्टरही (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) बंद पडतो, कितीही ऊन असो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. भारनियमनात पंखा चालायला हवा असेल तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो खर्च वेगळा, आणि बॅटरीला अनुदान नाही. हे सही करण्याआधी विचारावे.

आपले,
सौर जोडणीचे काम करणारे दोन तंत्रज्ञ,
जि. यवतमाळ