अर्ज न भरण्याबद्दल

वाखेनिंगेन, नेदरलँड्स
८ मार्च २०२६

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "अर्ज भरलास का?" मी "भरते" म्हणाले आणि विषय बदलला. तुमच्याशी असं अर्धवट बोलायची मला सवय नाही. रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र.

आधी मुद्द्याचं सांगते. महिनाअखेरीस मुदत असलेला पीएच.डी.चा अर्ज मी या वेळी भरत नाही. मार्कांची अडचण नाही, माझ्या मार्गदर्शक मॅडम स्वतःहून "भर" म्हणाल्या आहेत. पैशाचीही नाही. इथं पीएच.डी. करणारा माणूस विद्यापीठाचा नोकरदार असतो. फी नाही, दरमहा पगार मिळतो. काम चार वर्षांचं. आधी १८ महिन्यांचा करार देतात, काम पाहतात आणि पटलं तर पुढच्या ३० महिन्यांचा. कर्जाचे हप्ते त्यातून सहज निघाले असते. तरी नाही, आणि त्याचं कारण गेल्या नोव्हेंबरात आहे.

बाबा, माझं एम.एस्सी.च्या थीसिसचं काम द्राक्षावरच्या आपल्या डाऊनी रोगावर होतं हे तुम्हाला माहीत आहे. डाऊनी दिसतो बुरशीसारखा, पण शास्त्राच्या हिशेबानं तो खरी बुरशी नाही. आणि त्याची खोड अशी, की जिवंत पानाशिवाय तो जगतच नाही. कितीतरी बुरश्या बटाट्याच्या अर्काच्या खाद्यावर बशीत वाढतात, याला हिरवं पानच लागतं. म्हणून आम्ही द्राक्षाच्या पानाच्या रुपयाएवढ्या चकत्या कापतो, आगरच्या ओल्या जेलीवर पालथ्या ठेवतो आणि त्यांवर बीजाणूंच्या पाण्याचा थेंब सोडतो. पाच-सहा दिवसांनी सकाळी झाकण उघडलं की पांढरी लव आलेली असते, आपल्या बागेत दवाच्या सकाळी पान उलटल्यावर दिसते तशीच. ती लव पाण्यात झटकायची आणि पुन्हा ताज्या पानावर सोडायची. खाडा झाला की रोग मेला, आणि त्याबरोबर प्रयोगही.

नोव्हेंबरात माझ्या बशांमध्ये राखाडी बुरशी शिरली आणि पानं सडली. पुन्हा लावली, पुन्हा सडली. तिसऱ्या खेपेला मी बशा टाकून दिल्या आणि कोणाला काही बोलले नाही. नऊ दिवस. मॅडम जिन्यात भेटल्या, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "ठीक." दहाव्या दिवशी त्यांनी बशा दाखव म्हटलं तेव्हा सांगावंच लागलं. त्या रागावल्या नाहीत. एकेक पायरी विचारत गेल्या आणि वीस मिनिटांत सापडलं: चकत्या कापण्याआधी पानं धुण्याचं काम मी घाईनं उरकत होते. वीस मिनिटांचं काम होतं, आणि मी नऊ दिवस घेतले.

त्या संध्याकाळी मला २०१९ चा ऑक्टोबर आठवला. परतीचा पाऊस थांबत नव्हता, आपली मखमलाबादची बाग ऐन नाजूक अवस्थेत होती आणि घड डोळ्यांदेखत गेले. बाबा, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेजारच्या बागायतदारांना बोलावलंत. "या, बघा, माझं काय चुकलं" म्हणत फवारणीची वही त्यांच्या हातात दिलीत. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला लाज वाटली होती, की आपलं नुकसान लोकांना कशाला दाखवायचं. त्यांच्यापैकीच एका काकांनी वही वाचून दोन फवारण्यांमध्ये पडलेलं अंतर दाखवलं. पाऊस कोणाच्या हातात नव्हता, पण ते अंतर पुढच्या वर्षी तुम्ही पडू दिलं नाहीत.

नोव्हेंबरपासून मी स्वतःला तपासते आहे. मोरचूद-चुन्याचा बोर्डो कालवला की तुम्ही विळ्याचं पातं त्यात बुडवता. तांबूस थर चढला तर चुना कमी, अजून घालायचा, नाहीतर पानं करपतील. माझ्यासाठी असं पातं कुठं मिळेल हे मी इथं पीएच.डी. करणाऱ्या कितीतरी जणांना विचारलं. तिसऱ्या वर्षातली एक मुलगी म्हणाली, "रविवारी सकाळी, कोणी विचारत नसताना, तुझा प्रश्न तुला आठवतो का?" डाऊनीचा आठवतो, बाबा. तेवढं माझ्यात आहे. तेच तेच काम रोज करायचा कंटाळाही मला येत नाही. पण थीसिसमधला प्रश्न मॅडमचा होता, आराखडा त्यांचा होता, मी तो नीट तडीस नेला. इथल्या प्रबंधात साधारण चार शोधनिबंधांचा ऐवज लागतो, आणि त्यातला निदान एखादा प्रश्न तरी आपला आपण उभा करावा लागतो. असा प्रश्न माझ्याकडे आज नाही.

आणखी एक, लिहायला जड जातंय. मला पीएच.डी. का हवी, हे कागदावर लिहून पाहिलं. पहिल्या दोन ओळी निघाल्या: नावाआधी डॉ. लागेल, आणि चार वर्षं नोकरी शोधावी लागणार नाही. डाऊनी तिसऱ्या ओळीत आला. बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय हे मला माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटतं. पण त्या पहिल्या दोन ओळींच्या जोरावर चार वर्षं निघायची नाहीत.

जानेवारीत एकाची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पाहायला गेले होते. इथं ती सगळ्यांसमोर होते. काळे झगे घातलेले प्राध्यापक प्रश्न विचारतात, आणि वेळ संपली की हातात दंड घेतलेली बाई आत येऊन लॅटिनमध्ये "होरा एस्त" म्हणते, म्हणजे वेळ झाली. एका प्रश्नावर तो मुलगा म्हणाला, "हे मला माहीत नाही, पण शोधायचं झालं तर असं शोधेन." विचारणाऱ्यानं मान डोलावली. भरल्या सभागृहात तो हे शांतपणे म्हणाला, आणि मी जिन्यात एकट्या मॅडमना सांगू शकले नव्हते.

तर ठरवलंय असं. शिक्षण संपल्यावर इथं एक वर्षाचा परवाना मिळतो, नोकरी शोधायला आणि करायलाही. मॅडमच्याच गटात प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा आहे, ती घेते. थीसिसचा शोधनिबंध करायचाय, पहिला मसुदा माझा मी लिहिणार. आणि दर शुक्रवारी आठवड्यात काय बिघडलं ते मॅडमपुढे ठेवायचं, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवलंय. पाच शुक्रवार झाले. पहिल्या शुक्रवारी हात थरथरत होते, आता नाही. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पाहीन, आणि तेव्हा माझा स्वतःचा प्रश्न हातात असला तर अर्ज भरीन. इथं नाही मिळालं तर आपल्याकडे नेट परीक्षा देऊन करायलाही माझी ना नाही.

आई, तब्येत बरी आहे, थंडी सरत आली. काल सुपरमार्केटात द्राक्षांच्या पाचशे ग्रॅमच्या डबीवर 'भारत' वाचलं. आपल्या नाशिकचीच असणार, याच दिवसांत तिकडचे कंटेनर रॉटरडॅमला उतरतात. घेतली, आणि उभ्या उभ्याच खाल्ली. खरड छाटणी यंदा कधी धरताय ते कळवा.

आणि छोट्याला सांगा, बाबांच्या फवारणीच्या वहीचे फोटो काढून पाठव. ऑक्टोबर २०१९ ची पानं उजेडात धरून काढ म्हणावं, पेन्सिलीचं लिहिलेलं पुसट झालंय.

तुमची,
ताई