ते ब्लँकेट कुणाचं

ओक्लाहोमा सिटी,
१० डिसेंबर

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आईचं फोनवर तीनदा विचारून झालं, "तुझ्या पलंगावर ते लाल-निळं काय पडलंय? माझी गोधडी कुठं गेली?" दरवेळी मी "अगं, इथेच आहे" म्हणून विषय बदलला. गोधडी खरंच इथेच आहे, त्या ब्लँकेटच्या खाली. पण ते ब्लँकेट कुठून आलं हे फोनवर सांगायला बसले असते तर मध्येच तुझा कुकर झाला असता आणि बाबा बातम्या लावायला उठले असते. म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर मोठं काढलंय, बाबांना भिंग शोधायला लागू नये. सोळा तारखेच्या, विजय दिवसाच्या तालुक्याच्या कार्यक्रमाआधी पत्र पोचणार नाही हे माहीत आहे. कोटाला इस्त्री आईलाच करू द्या, गेल्या वर्षी तुम्ही बाही जाळलीत.

माझ्या कामावर एक शायन बाई आहे. बाबा, तुम्ही ज्यांना रेड इंडियन म्हणता ना, त्यांच्यातली ही एक जमात. ते स्वतःला त्सित्सिस्तास म्हणतात, मला अजून नीट म्हणता येत नाही. तिचा थोरला भाऊ व्हिएतनामच्या लढाईत होता. त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि मध्यंतरी हिची गाडी बिघडली, तेव्हा दीडेक महिना मीच सोडायला जायचे. म्हातारा गाडीत एक शब्द बोलायचा नाही. उतरताना तेवढं दारावर दोन बोटं टकटक वाजवायचा. ऑक्टोबरात तो गेला.

मयताला गेले. पलटणीचा मान होता, पेटीवरचा झेंडा तिकोनी घडी करून बहिणीच्या हातात दिला, बिगुल वाजला. मग शायन लोकांचा ढोल सुरू झाला, म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली. जेवणं झाल्यावर घरातल्यांनी एकेकाचं नाव घेऊन पुढं बोलवायला सुरुवात केली आणि ज्याला-त्याला वस्तू द्यायला लागले. कुणाला शाल, कुणाला भांडं, कुणाला ब्लँकेट. माझं नाव घेतलं तेव्हा मी नको-नको करत मागे सरकले. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरातून आपण काही घेऊन यायचं? आपल्याकडे दुखवट्याला आपण टोपी, टॉवेल, लुगडं घेऊन जातो. इथे उलटं. ज्याचं माणूस गेलंय तोच घर रिकामं करतो. शेवटी तिने ते माझ्या खांद्यांवर टाकलंच आणि कानात म्हणाली, "हे परत करायचं नसतं. कधीतरी तुला सांगेन, असलं एक ब्लँकेट कुणाला दिलं होतं ते."

ते तिने नंतर सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, दोन दिवस लावून. मी मग जिथे-तिथे वाचलंही. बाबा, आता हे तुमच्यासाठी.

ओक्लाहोमाच्या पश्चिमेला हॅमन नावाचं गाव आहे, तिकडे १९३३ साली लॉरेन्स हार्ट नावाचा मुलगा जन्मला. आजी-आजोबांकडे वाढला, त्यांच्याबरोबर शायनच बोलायचा, इंग्रजी नंतर आली. आजोबा जमातीच्या ४४ प्रमुखांपैकी एक. या ४४ जणांना 'शांतीचे प्रमुख' म्हणतात. लढणाऱ्यांची मंडळं वेगळी असतात. हा पोरगा मोठा होऊन नौदलाकडे विमान शिकला आणि जेट फायटरचा पायलट झाला. शुद्ध शायन रक्ताचा माणूस त्या काळात जेट उडवतोय, ही केवढी गोष्ट! तुम्ही असता तर पेपरातलं कात्रण काढून कपाटाला चिकटवलं असतंत.

आणि १९५८ साली त्याला निरोप आला, आजोबांच्या जागी तू बस.

त्याने विमान सोडलं. मला वाटायचं प्रमुख होणं म्हणजे बढती. तसं नाही. प्रमुख झाला की शस्त्र संपलं. त्यांच्याकडे स्वीट मेडिसिन नावाचा जुना धर्मपुरुष आहे, त्याची शिकवण प्रमुखाला पहिल्या दिवशी सांगतात: तुझ्या तंबूच्या दारात तुझ्या पोराला कुणी मारलं तरी तू सूड घ्यायला उठायचं नाहीस, चिलीम घेऊन बसायचं आणि ओढत राहायचं. आता बाबा, तुम्ही काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय. "हा कसला प्रमुख? अशाने गाव राहतं का?" मीही हेच विचारलं. ती म्हणाली, गाव राखायला लढवय्ये असतात की. पण सगळेच लढवय्ये झाले तर लढाई थांबवायची कुणी? मला हे पूर्ण पटलेलं नाही. अर्धं पटलंय.

कारण त्यांच्यातला जो सगळ्यात मोठा शांतीचा प्रमुख, ब्लॅक केटल, त्याचं काय झालं ते ऐका. १८६४ सालच्या २९ नोव्हेंबरला कोलोरॅडोत सँड क्रीकला त्याच्या वस्तीवर घोडदळ आलं. याने तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावला होता, खाली पांढरा. तरीही दीडशेवर माणसं मारली, बहुतेक बायका, पोरं, म्हातारी. त्याच्या बायकोला नऊ गोळ्या लागल्या असं सांगतात, तरी ती जगली. एवढं होऊनही हा माणूस तहाची बोलणी करत राहिला. चार वर्षांनी वॉशिटा नदीकाठी वस्ती होती. लष्कराकडे जाऊन म्हणाला, आम्हाला जवळ राहू द्या. नाही म्हणाले. बर्फातून परत आला, आणि १८६८ सालच्या २७ नोव्हेंबरला पहाटे कस्टर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या सातव्या घोडदळाने वस्ती चारी बाजूंनी घेरली. हल्ल्याची खूण म्हणून बँडने 'गॅरी ओवेन' नावाची चाल धरली, पण थंडी इतकी की वाजंत्र्यांतली थुंकी गोठून चाल अर्ध्यातच बंद पडली. नवरा-बायको दोघंही घोड्यावरून नदी ओलांडताना मारली गेली. मग वस्तीतली आठशेच्या आसपास घोडी, शिंगरं एकेक करून मारली. आई, हे घोड्यांचं मला रात्री झोपताना आठवतं. माणसांचं नाही, घोड्यांचं. का ते कळत नाही.

त्या जागेजवळच्या गावाचं नावच शायन. १९६८ साली गावाने शंभरी साजरी करायची ठरवली, लढाईचा देखावा करून. शायन लोकांना म्हणाले, तुम्हीही या, वस्ती उभारा. आता शंभर वर्षांपूर्वी आपली माणसं जिथे कापली तिथे कोण नाटक करायला जाईल? पण गावच्या संग्रहालयात त्या दिवशी मेलेल्या एकाची हाडं ठेवली होती, लोकांना बघायला. प्रमुखांनी अट घातली, आम्ही येतो, पण ती हाडं आमच्या हाती द्या, आम्ही पुरू. ठरलं.

देखाव्याच्या दिवशी तंबू उभे केलेत, आत बायका-पोरं, हार्टची स्वतःची लहान मुलंही. आणि टेकडीवरून आले ते कुणी गावातले हौशी नव्हेत. कॅलिफोर्नियातून 'सातव्या घोडदळाचे नातू' म्हणवणारी एक टोळी आली होती, तोच गणवेश, घोडे, तलवारी. शायन लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते तंबूंवर चालून आले आणि काडतुसं झाडायला लागले. खोटी असली तरी आवाज खराच. वर 'गॅरी ओवेन'. आपलीच मुलं पळताना बघून हार्टच्या मनात त्या लोकांबद्दल जो द्वेष उसळला तो त्याने नंतर कधी लपवला नाही. जेट उडवलेला माणूस, वय पस्तीस, आणि हातात चिलीमच काय ती.

नंतर पुरायची वेळ आली. पेटी संग्रहालयातून बाहेर आणली, शायन गात होते. ते 'नातू' बाजूला रांगेत उभे राहिले आणि त्यांनी शस्त्रं उचलून सलामी दिली. हार्टला तेही खुपलं, असं वाटतं मला, निदान मला तरी खुपलं असतं. तेवढ्यात गर्दीतल्या एका शायन बाईने आपल्या अंगावरचं ब्लँकेट काढून पेटीवर घातलं. त्यांची रीत अशी की ते पेटीबरोबर पुरायचं नाही, कुणाला तरी द्यायचं. पाहुण्यांत मोठमोठी माणसं होती. म्हातारे प्रमुख आपसात बोलले, मग हार्टला बोलावून सांगितलं, हे त्या टोळीच्या कप्तानाला दे.

बाबा, हुकूम होता. पण हुकूम देणाऱ्यांची आजी-आजोबा त्या पहाटे त्याच वस्तीत होती.

त्याने नाव पुकारलं. कप्तान चालत आला, तलवार काढून सलामी दिली. हार्टने त्याला पाठ फिरवून उभं केलं आणि ब्लँकेट त्याच्या खांद्यांवर घातलं. नंतर दोघं एकमेकांना धरून उभे होते, टोळीतले बाकीचे रडत होते. कप्तानाने गणवेशावरचा 'गॅरी ओवेन'चा बिल्ला काढून हार्टच्या हातात दिला, तुमच्या लोकांना ही चाल पुन्हा कधी ऐकावी लागणार नाही म्हणून.

मी हे ऐकलं आणि पुढच्या रविवारी तुमच्या जावयाला घेऊन तिथे गेले. सव्वादोन तास गाडी, दोन्ही बाजूला वाळकं गवत. १९९६ पासून ती जागा सरकारने राखलीय. एवढीशी नदी, आपला ओढाही पावसाळ्यात मोठा असतो. तांबडी माती बुटांना चिकटली, आणि झाडांना नवसासारखे रंगीत कापडाचे तुकडे बांधलेले. जावई म्हणाले, इथे काहीच नाही बघायला. खरंच नाही.

हार्ट पुढे क्लिंटन गावात चर्चचे पाळक झाले (मेनोनाइट पंथ, हे लोक मुळातच लढाईला जात नाहीत, म्हणजे बघा), आणि शायन संस्कृतीचं केंद्रही काढलं. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त पटलं. संग्रहालयांत मूळच्या लोकांची हाडं हजारोंनी पडून होती. १८६० नंतर लष्कराचे डॉक्टर मेलेल्यांची डोकी अभ्यासाला पाठवायचे, सँड क्रीकचीही पाठवली होती, ती १९९३ साली कुठे परत मिळाली. १९९० च्या कायद्याने हाडं परत करायची म्हटलं, त्यावर देखरेखीची समिती होती, तिच्यात हार्ट होते. पण कित्येक हाडं कुठल्या जमातीची तेच कळेना. मग कुणाला परत करणार? त्यांनी ठरवलं, ज्यांचं कुणी नाही त्यांनाही माती द्यायची. देवदारूच्या पेट्या, मलमलीचं कापड, चर्चमधल्या बायकांनी शिवलेलं. २०२२ साली ते गेले.

आई, तुझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी आणि ते मलमल, यावरून मला काही सुचत होतं, पण लिहायला गेले की निसटतं. राहू दे.

बाबा, तुम्हाला आठवतं का, सातवीत २६ जानेवारीच्या भाषणासाठी मी एकाहत्तरच्या लढाईची गोष्ट सांगा म्हणून मागे लागले होते. तुम्ही म्हणालात, "लिहून घे. थंडी होती. पकडलेल्या पोरांना आम्ही चहा दिला. एकाचा हात इतका हलत होता की चहाचा मग त्याच्या ओठाला लागेना." मी वही उघडून वाट बघत बसले, "पुढं?" तुम्ही म्हणालात, "पुढं काय? प्याला तो." मला इतका राग आला. मैत्रिणींच्या बाबांनी बंकर उडवले होते आणि माझ्या बाबांनी चहा दिला! ते पान फाडून मी पुस्तकातलं वीरश्रीचं भाषण पाठ केलं, दुसरा नंबर आला, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात.

त्या मुलाचं तुम्हाला काही आठवत असेल, तो कुठला होता, त्याचा मग कुणी धरला, तर मला सांगाल का? फोनवर नको, मध्येच कुणी बोलतं. आईला सांगा, ती लिहून पाठवेल. आई, तू आपल्या मनाचं काही घालू नकोस त्यात.

इथे दहा दिवसांपासून बर्फ आहे. ब्लँकेट वर आणि गोधडी आत असंच घेते, गोधडी मऊ आहे, ब्लँकेट जरा टोचतं.

तुमची,
सुमन