डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या डोक्याचा घेरही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सिडकोत, पवननगरला शिवणकाम करते. माझा नातू एकोणतिसाव्या आठवड्यातच जन्मला, वजन १,१०० ग्रॅम. बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव टळावा म्हणून आईला आधी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, पण सुनेला एकच देऊन झालं आणि बाळ आलं. तिसऱ्या दिवशी टाळूवरून सोनोग्राफी झाली: मेंदूत रक्तस्राव, ग्रेड ३.

असा रक्तस्राव बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच होतो, एवढं आम्हाला समजावलं. पुढचं आम्हाला फार उशिरा कळलं. ग्रेड एक-दोनमध्ये सहसा निभावतं. तीन-चारमध्ये रक्तामुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि पाणी काही आठवड्यांनीही साचू लागतं. बाळ जितकं कमी दिवसांचं तितका धोका जास्त, मेंदूला जंतुसंसर्ग झाला तर आणखी. आमच्या कार्डावर वजन होतं, दूध किती पाजायचं ते होतं, लसी होत्या. डोक्याचा घेर नव्हता. 'ग्रेड ३' हेही नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याला मलमलीचं टोपडं शिवलं, बोटभर ढिलं ठेवून. आठ दिवसांत ते कपाळावर रुतायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, डोकं मोठं, पोरगा हुशार निघणार. मलाही बरं वाटलं. टेप माझ्या गळ्यातच होता, पण मी तो लावून पाहिला नाही. ती बोच अजून जात नाही. मग तो दूध ओकू लागला. खांद्याशी उभा धरला, शांत असला, तरी टाळू फुगलेली. बुबुळं खाली उतरलेली. शेवटी ऑपरेशन करून डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी नळी बसवावी लागली. आता तो दीड वर्षाचा आहे, खाटेला धरून उभा राहतो.

१७ नोव्हेंबरला मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांचा दिवस पाळतात. त्या निमित्तानं जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घरी सोडताना कार्डावर ग्रेड आणि डोक्याचा घेर लिहा, आणि आईच्या हातानं एकदा टेप लावून घ्या: पुढं भुवयांच्या वर, मागं सगळ्यात फुगीर भागावरून. अशा बाळाचं डोकं आठवड्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतं. त्याहून जास्त वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सुरगाण्या-पेठच्या आयांना वारंवार नाशिकला येणं जमत नाही. तिथं आशाताई घरी येऊन वजन करतात, तेव्हाच घेरही मोजता येईल.

टेप मात्र न ताणणारा द्यावा. वापरून ताणलेला कापडी टेप माप कमी दाखवतो, हे मी रोज बघते.

एक आजी, सिडको, नाशिक